वासाची रोजकीर्द

पहाटे पावणेपाचला नवऱ्याने स्वयंपाकघरातला दिवा लावला, सिलिंडरचं रेग्युलेटर बंद केलं आणि खिडक्या सताड उघडल्या. वास वाढला. सासूबाई अंथरुणातच उठून बसल्या, "गॅस गळतोय का रे?" म्हणून. आम्ही तिघं गॅलरीत जाऊन उभे राहिलो, तर तिथे वास घरापेक्षा जास्त. झोपेत एवढा विचार कुणाला सुचतो? आम्ही पुन्हा आत आलो आणि पुन्हा रेग्युलेटर तपासलं.

एजन्सीचा माणूस दोनदा येऊन गेला. पाइपला साबणाचा फेस लावला, एक बुडबुडा आला नाही. गॅसचा वास आला की आधी दिवा लावायचा नसतो, हे त्याने आम्हाला चांगलं सुनावलं. दुसऱ्या खेपेला तो सकाळी लवकर आला होता. हातातला ब्रश खाली ठेवून त्याने नाक वर केलं आणि म्हणाला, "ताई, हा आतला नाही. बाहेरचा आहे."

आमच्या नाकाची फार चूक नव्हती, हे नंतर कळलं. घरगुती गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं गंधकाचं संयुग मिसळतात. त्याच जातकुळीतली संयुगं मैलापाणी सडताना तयार होतात, आणि त्यांच्या जोडीला सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. आमच्या इमारतीपासून नदीच्या वरच्या अंगाला, चालत दहा मिनिटांवर, शहराचं मैलापाणी शुद्धीकरण केंद्र आहे. सगळे त्याला 'प्लांट' म्हणतात. शहराचं नाव लिहीत नाही, कारण शेवटी ज्यांनी मदत केली त्यातले दोघं अजून तिथेच नोकरीला आहेत.

फ्लॅट घेताना प्लांट दिसला नव्हता का? दिसला होता की. माहितीपत्रकात 'नदीचं दर्शन' होतं आणि एजंटने आम्हाला मे महिन्यात, भर दुपारी बारा वाजता नेलं होतं. तापलेली हवा वर उसळते आणि वासालाही सोबत घेऊन जाते. त्या वेळी तिथे नुसती हिरवळ आणि गोल टाक्या दिसल्या. मी मुलाला म्हटलंही, "बघ, किती स्वच्छ ठेवलंय." हे वाक्य घरात अजून मला ऐकवलं जातं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. प्लांट आमच्या आधीचा. प्लांटच्या कुंपणाला लागून जी पन्नास-साठ घरांची वस्ती आहे, ती प्लांटच्याही आधीची. सगळ्यात शेवटी आलो आम्ही आणि ओरडायला पहिले उभे राहिलोही आम्हीच.

पहिलं वर्ष तक्रारी करण्यात गेलं. ॲपवर तक्रार टाकायची, टोकन नंबर यायचा, चार दिवसांनी 'निराकरण झाले' असा संदेश. एकदा तर निराकरणाचा पुरावा म्हणून चेंबरच्या झाकणाचा फोटो आला. झाकण आमच्या रस्त्यावरचंसुद्धा नव्हतं. मी क्षेत्रीय कार्यालयात जाऊन बसायला लागले. बँकेत तेहतीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला काढलेली बाई मी; बाहेरच्या बाजूला बसणं हा वेगळाच अभ्यासक्रम आहे. शेवटी एक कनिष्ठ अभियंता पाहणीला आले. सकाळी साडेअकराला. गॅलरीत उभे राहून त्यांनी खोल श्वास घेतला, मी केलेला चहा प्यायले आणि म्हणाले, "मॅडम, आत्ता तर काही येत नाहीये."

येत नव्हताच. मी काय बोलणार?

सोसायटीच्या सभेत विषय काढला तर तिथे वेगळाच वास. सेक्रेटरी हळूच म्हणाले, "हे लेखी नको. पेपरात आलं तर रेट पडतील." ज्यांना फ्लॅट विकायचा होता ते तर पेटलेच. एकाने मला लिफ्टमध्ये गाठून विचारलं, "वहिनी, तुम्हाला सायनस आहे का?" आमच्या घरातही एकमत नव्हतं. नवऱ्याचं म्हणणं, चार महिन्यांचा प्रश्न आहे, खिडक्या लावून झोपू.

ते म्हणणं एका रात्रीत बदललं. दुसऱ्या हिवाळ्यात रात्री अकराच्या सुमारास वास आला. 'आला आपला प्लांट' म्हणून आम्ही खिडक्या घट्ट लावल्या आणि झोपलो. सकाळी दूध तापवायला गेलेल्या सासूबाईंनी हाक मारली. या वेळी वास खरोखर सिलिंडरचा होता, रेग्युलेटरच्या आतलं रबर झिजलं होतं. त्यांनी काडी ओढली नव्हती एवढंच आमचं नशीब. नवरा बराच वेळ ओट्याशी उभा होता. मग म्हणाला, "तू काय ते लिहून काढायचं म्हणत होतीस, ते सुरू कर."

मी म्हणत होते ते असं. बँकेत दिवसभराचा प्रत्येक व्यवहार ज्यात चढतो ती रोजकीर्द. रोजकीर्दीत राग लिहीत नाहीत. तारीख, वेळ, रक्कम, सही. वासाचंही तसंच करायचं. २०२२च्या दिवाळीनंतर एक दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले: तारीख, वेळ सुरू, वेळ बंद, जोर शून्य ते पाच, वासाची जात, वाऱ्याची दिशा, लिहिणाऱ्याची सही. जोराची व्याख्या ठरवून घेतली, नाहीतर प्रत्येकाचा पाच वेगळा. एक म्हणजे नाकाने शोधला तर सापडतो. तीन म्हणजे बोलता बोलता माणूस थांबतो. पाच म्हणजे झोपलेला उठतो. वासाच्या जातीही आम्हीच ठरवल्या: अंडं, गटार, सडका कोबी आणि 'ओला गोठा'. वाऱ्यासाठी उदबत्ती. गॅलरीच्या कठड्यावर उदबत्ती खोचायची आणि धूर कुठे जातो ते बघायचं. घाणीची दिशा कळावी म्हणून पहाटे पाचला उदबत्ती लावणारी आमचीच सोसायटी असावी.

पहाटेच का, याचं उत्तर वॉचमनच्या शेकोटीत मिळालं. डिसेंबरात तो गेटपाशी शेकोटी करायचा. धूर सरळ वर जायचा, दुसऱ्या मजल्याच्या उंचीला अडायचा आणि तिथून चादर अंथरावी तसा आडवा होऊन नदीच्या उताराने सरकायचा. हिवाळ्याच्या रात्री जमीन आधी गार होते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि वर तुलनेने उबदार हवेचं झाकण बसतं. गार हवा पाण्यासारखी उताराकडे वाहते. प्लांट वरच्या अंगाला, वस्ती त्याच्याखाली, आम्ही त्याच्याखाली. साडेअकराच्या पाहणीत हे झाकण उडून गेलेलं असतं.

वही लिहिणारे आधी आम्ही सहा जण होतो. मग आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी, ज्या त्या वस्तीतच राहतात, एक दिवस वहीत डोकावल्या. "पाच म्हणजे झोपलेला उठतो? मग आमच्याकडं पाचच्या म्होरं काय लिवायचं?" त्यांच्या घराची मागची भिंत म्हणजे प्लांटचं कुंपण. वस्तीनेही वीसेक वर्षांपूर्वी तक्रारी केल्या होत्या, नगरसेवक येऊन गेले होते, आणि मग सगळं थांबलं होतं. मावशींच्या भाषेत, "नाक मेलं." हे अगदीच अलंकारिक नाही. हायड्रोजन सल्फाइड नाकाला अब्जात काही भाग इतका कमी असला तरी कळतो. पण दहा लाखांत शंभर भागांच्या पुढे गेला की वास घेणारी नसच बधिर होते. चेंबरमध्ये उतरणाऱ्या माणसाला धोका कळत नाही तो त्यामुळे. वस्तीत तेवढं प्रमाण अर्थातच नव्हतं. तिथे रोजच्या सवयीने नाक मारलं होतं.

मावशींच्या पुतणीने, दहावीतल्या पोरीने, वस्तीची वही सांभाळायला घेतली. खरं सांगायचं तर आमच्या वहीपेक्षा तिची वही चोख. पहाटे चारला नळाला पाणी येतं म्हणून वस्ती तेव्हा जागी असते. आम्ही जोर पाच झाला की उठायचो, त्यांना सुरुवात कधी होते तेच दिसायचं. शिवाय एक नोंद आमच्या वहीत कुठेच नव्हती, ती तिच्या वहीत होती: 'डंपरचा आवाज'.

याच काळात सोसायटीतले रसायनशास्त्राचे निवृत्त सर आमच्यात आले. त्यांचं म्हणणं, नाकाच्या साक्षीवर कोणी विश्वास ठेवणार नाही, काळं पडलेलं दाखवा. त्यांनी गाळणकागदाच्या पट्ट्या लेड ॲसिटेटच्या द्रावणात भिजवून वाळवल्या, हातमोजे घालून, पोरांना लांब ठेवून, कारण शिसं विषारी. हायड्रोजन सल्फाइड लागला की या पट्ट्या काळवंडतात. एक पट्टी झाकणबंद बरणीत, बाकीच्या वेगवेगळ्या गॅलऱ्यांत. बरणीतली पांढरी राहिली, आमच्याकडची सकाळपर्यंत चहा सांडल्यासारखी तपकिरी, वस्तीतली त्याहून गडद. मी माझी भर घातली. चांदीच्या निरांजनांची एक जोडी होती. दोन्ही रांगोळीने घासून लख्ख केली, एक आमच्या देवघरात ठेवलं, दुसरं साताऱ्याला बहिणीकडे दिलं. तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. आमचं निरांजन काठाला निळसर आणि पोटात कोळशासारखं. बहीण म्हणाली, "अगं, तुम्ही हे श्वासातून घेताय." एसी दुरुस्त करणारा मुलगाही तेच वेगळ्या भाषेत सांगत होता: तुमच्या लाइनीतल्या एसींच्या तांब्याच्या नळ्या लवकर खाल्ल्या जातात.

मार्चमध्ये खतावणी केली. चार महिन्यांच्या नोंदी वारांप्रमाणे लावल्या. रोज पहाटे दोन-तीनचा जोर होताच. पण मंगळवार आणि शुक्रवार आला की चार आणि पाच. वारा असो वा नसो. मैलापाणी वार बघून सडत नाही. म्हणजे त्या दोन दिवशी तिथे कोणीतरी काहीतरी करत होतं.

ही खतावणी घेऊन आम्ही प्रदूषण नियंत्रणाच्या कार्यालयात गेलो. तिथले अधिकारी सभ्य होते, वही त्यांनी नीट पाहिली. आठवड्याभरात त्यांचा माणूस आला आणि प्लांटमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना बाटलीत भरून गेला. अहवाल आला: पाणी मर्यादेत. पाण्याबद्दल तक्रार कोणाचीच नव्हती! मी पुन्हा गेले तेव्हा त्यांनी अडचण सांगितली, आणि ती खरी आहे. २००९च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांत बारा प्रदूषकं आहेत. अमोनिया आहे; हायड्रोजन सल्फाइड नाही. दुर्गंधीवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २००८ची मार्गदर्शक पुस्तिका आहे, पण पुस्तिका म्हणजे मर्यादा नव्हे. जे मोजायचंच ठरलेलं नाही ते ओलांडलं कसं म्हणणार? बाहेर येऊन सर पायरीवरच बसले आणि बराच वेळ हसत होते. मला हसू येत नव्हतं.

माहिती अधिकाराचा रस्ता त्यांनीच सुचवला. हा कायदा म्हणजे नुसत्या कागदांच्या झेरॉक्स असं आपण धरून चालतो. कलम २ मध्ये 'माहितीचा अधिकार' याची जी व्याख्या आहे, तिच्यात कामाची पाहणी करण्याचा अधिकारही येतो. मी जोडपत्र 'अ' भरलं, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला आणि दोनच गोष्टी मागितल्या: प्लांटच्या गेटचं आवक-जावक रजिस्टर आणि ब्लोअरचं, म्हणजे टाक्यांत हवा सोडणाऱ्या यंत्राचं, लॉगबुक, प्रत्यक्ष पाहण्यासाठी, कामाच्या पाहणीसह. आपल्याकडे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत लागतो, ते एका अर्थी बरंच आहे. नाहीतर मी सासूबाईंच्या झोपेपासून सुरुवात केली असती. तीस दिवसांत उत्तर आलं नाही. वीस रुपयांचा स्टँप लावून पहिलं अपील केलं. सुनावणीत अपिलीय अधिकाऱ्यांनी वही चाळली आणि जन माहिती अधिकाऱ्यांना विचारलं, "दाखवायला काय हरकत आहे?" हरकत कोणालाच सांगता आली नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सर, मी आणि मावशी आत गेलो. मावशींना गेटवर अडवलं, तेव्हा मी म्हटलं त्याही नागरिकच आहेत.

प्लांटमध्ये आम्हाला फिरवलं ते शिफ्ट ऑपरेटरने, तिशीतला मुलगा, आयटीआय झालेला. तोंडभर माहिती देत होता. पाणी आत येतं तो चेंबर आधी दाखवला. किती तरी किलोमीटर गटारातून येताना त्या पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मग प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू पाण्यातल्या सल्फेटवर जगू लागतात. त्यांचा उच्छ्वास म्हणजे तो सडक्या अंड्याचा वायू. पाण्यात विरघळलेला असतो तोवर गप्प. चेंबरमध्ये पाणी उंचावरून आपटलं की सोड्याची बाटली हलवून उघडावी तसा बाहेर पडतो. म्हणून या चेंबरला झाकणं असतात आणि आतली हवा पंख्याने ओढून बायोफिल्टरकडे नेतात. चारपैकी दोन झाकणं बाजूला टेकवून ठेवलेली होती. "जाळी साफ करायला रोज उघडावी लागतात, वजन फार आहे, दोन माणसं कमी आहेत," ऑपरेटर म्हणाला. बायोफिल्टर म्हणजे भिंती घातलेला एक वाफा, त्यात लाकडाच्या ढलप्या आणि नारळाच्या शेंड्या. तो ओला राहिला तर त्यातले जिवाणू वायू खाऊन टाकतात. सरांनी हात घातला, मूठभर शेंड्या काढल्या, आणि त्या हातातच भुसा झाल्या. पंख्याचा पट्टा तुटला होता. कधी? ऑपरेटर वर बघायला लागला.

मागच्या अंगणात, वस्तीच्या भिंतीला लागून, गाळाचा ढीग. पाणी पिळून काढलेल्या गाळाला तिथे 'केक' म्हणतात. ढिगावर टोमॅटोची रोपं उगवली होती, चांगली हातभर, पिवळी फुलं आलेली. शहराने खाल्लेल्या टोमॅटोचं बी सगळ्या प्रवासातून जिवंत निघालं होतं. मावशी त्या रोपांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्याच्यामागं माझी चूल हाय."

मग ऑफिसात रजिस्टरं. ब्लोअरच्या लॉगबुकवर नजर टाकताच मला बँकेत असल्यासारखं वाटलं. महिनाभराच्या नोंदी, तिन्ही शिफ्टच्या, एकाच निळ्या पेनाने, एकाच दाबाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या. दोन्ही ब्लोअर रोज पूर्ण तास चालू. आणि बाहेर त्यातला एक उघडा पडलेला, मोटर दुरुस्तीला गेलेली. हे मी मोठ्याने बोलले नाही. पानांचे फोटो घेतले. गेटचं रजिस्टर मात्र प्रामाणिक होतं, ते सुरक्षा रक्षक लिहायचा. गाळाचे डंपर: मंगळवार, शुक्रवार, आत ४.१०, बाहेर ५.४०. मी आमची वही उघडली. पोरीची वही उघडली. तीन वह्या एका टेबलावर, तारखेला तारीख लावली. टॅली झाली की बँकेत जो एक श्वास सुटतो, तो सुटला.

पहाटेच का भरता, विचारलं. सकाळी शहरात अवजड वाहनांना बंदी, म्हणून ठेकेदाराला उजाडायच्या आत निघायचं असतं. लोडर तो ढीग ढवळतो नेमका त्या वेळी, जेव्हा वर हवेचं झाकण बसलेलं असतं. कोणाचा दुष्टपणा नव्हता. वाहतुकीचं वेळापत्रक एका टेबलावर बनलं, गाळाचं दुसऱ्या, आणि वास कोणाच्याच टेबलावर नव्हता.

पुढचं झटपट सांगते, कारण त्यात बैठका जास्त आहेत. पहिला उपाय म्हणून कुंपणावर सुगंधी फवारे बसले. लिंबाचा वास. आठवडाभर आम्ही वहीत 'लिंबू-गटार, चार' अशी नवी जात लिहिली. मग सरांच्या ओळखीच्या वकील बाईंनी एक पत्र लिहून दिलं, ज्यात रतलामचा दाखला होता. मध्य प्रदेशातल्या त्या गावच्या लोकांनी उघड्या गटारांविरुद्ध फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली, म्हणजे सार्वजनिक उपद्रव हटवण्याच्या कलमाखाली, दाद मागितली होती. नगरपालिका म्हणाली पैसे नाहीत. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ती सबब मानली नाही. निकाल न्या. कृष्ण अय्यर यांचा. (ते कलम आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १५२ झालं आहे.) खटल्यापर्यंत जावं लागलं नाही. पत्रासोबत तीन वह्यांच्या झेरॉक्स आणि दोन निरांजनांचा फोटो जोडला होता. बैठकीत वरिष्ठ अभियंता कलमाबद्दल काही बोलले नाहीत, फोटो उचलून म्हणाले, "हे एकाच जोडीतलं आहे?"

डंपर दुपारी एक ते चारमध्ये यायला लागले, वर ताडपत्री. केकवर चुना पडू लागला, ढीग वस्तीच्या भिंतीपासून पलीकडच्या कोपऱ्यात गेला. पंख्याला पट्टा बसायला मात्र पावसाळा उलटला आणि वाफ्यातल्या नव्या शेंड्या दिवाळीच्या तोंडावर आल्या. झाकणांसाठी साधी कप्पी बसवली, आता एक माणूस उचलतो. तो हिवाळा वहीत बहुतेक एक आणि दोनचा गेला. वस्तीत तीन. तीन म्हणजे बोलता बोलता माणूस थांबतो, आणि हे कोणी 'सुटलं' म्हणून लिहू नये.

सेक्रेटरींनी वार्षिक सभेत हे सोसायटीच्या पाठपुराव्याचं यश म्हणून सांगितलं. मावशींची पुतणी आता बारावीला आहे, वही अजून लिहिते, पण फोनवर.

आज सकाळी ५.५५ला तिचा संदेश आला: 'चार, अंडं.' मी गॅलरीत जाऊन उदबत्ती लावली, आमच्याकडे दोन. ऑपरेटरला फोन केला, त्याचा नंबर त्याने स्वतःच दिला होता. "लाइट गेलीय मॅडम, पंखा बंद पडलाय, जनरेटर घेतोय." मी वहीत लिहिलं. ६.२०ला एक. ६.४०ला सासूबाईंनी चहा टाकला, त्याआधी रेग्युलेटर हुंगून.